परतीचा पत्ता

दुष्काळ म्हटला की पाठोपाठ अनाथ मुलं आठवावीत, इतकी ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. दुष्काळ पडतो, माणसं मरतात, मागं पोरकी लेकरं उरतात, मग कुणी दयाळू माणूस त्यांच्यासाठी आश्रम काढतो आणि चार तरुण तिथं राबायला जातात, असा सरळ क्रम आपण धरून चालतो. मराठी मुलखात दुष्काळात मुलांसाठी उघडलेल्या घरांचा इतिहास जवळपास दीडशे वर्षांचा आहे, आणि तो या क्रमाला फारसा जुमानत नाही. दुष्काळ माणसाला मारायच्या आधी हलवतो. आधी जनावरं विकली जातात, मग भांडी, मग कर्ता माणूस कामाच्या शोधात वाट धरतो, मग बाईही जाते, आणि चालू न शकणारी म्हातारी व पोरं मागं राहतात किंवा वाटेत सुटतात. म्हणून दुष्काळात आश्रमाच्या दारात आलेलं मूल पुष्कळदा अनाथ नसतंच. त्याचे आईबाप कुठल्यातरी रस्त्यावर, कामावर किंवा फडात असतात. अशा घरात किती ताटं वाढली गेली हा हिशेब लागतोच, पण दुसराही एक हिशेब आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो: किती मुलांचं गाव, नाव आणि नातं शाबूत राहिलं? दुष्काळातल्या बालगृहाची, आणि तिथं सेवेला गेलेल्या माणसाची, खरी परीक्षा या दुसऱ्या हिशेबात होते असं माझं म्हणणं आहे.

हे पाहायला अहमदपूरचा परिसर सोयीचा आहे. बालाघाटाच्या पठारावरचा, नांदेड-लातूर रस्त्यावरचा हा तालुका एका अंगाला लोहा-कंधारला आणि दुसऱ्या अंगाला चाकूर-उदगीरला लागून आहे. मुरमाड माळ, खाली काळा पाषाण, मधूनमधून वाड्या आणि तांडे. १९५६ पर्यंत तो निजामाच्या राज्यातल्या, नंतर हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरचा झाला. १८९९-१९०० च्या दुष्काळात या भागाचं काय झालं याची कल्पना खानेसुमारीचे आकडे देतात. बीदर जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ९ लाख होती, १९०१ साली ती ७ लाख ६६ हजारांवर आली. शेजारचा बीड जिल्हा ६ लाख ४२ हजारांवरून ४ लाख ९२ हजारांवर घसरला. आकड्यांतली ही सगळी तूट म्हणजे मृत्यू असं समजणं चूक ठरेल. पटकी, ताप आणि भूक यांनी माणसं नेली हे खरं, पण कितीतरी माणसं गावं सोडून चालती झाली आणि मोजणीच्या वेळी दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच राज्यात होती. खानेसुमारीच्या कोष्टकाला मेलेला माणूस आणि गेलेला माणूस यांतला फरक कळत नाही. वाटेत सुटलेल्या मुलासाठी मात्र सगळं आयुष्य त्या फरकावर उभं असतं.

सुरुवात मात्र पुण्याकडून करावी लागते, कारण हा प्रश्न दोन वेगळ्या प्रकारे हाताळलेला आपल्याला एकाच माणसाच्या कामात दिसतो. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं येणाऱ्या मुलांना घरी परतायची सोय नव्हती. फसवल्या गेलेल्या विधवेला समाज ते मूल ठेवू देत नव्हता, त्यामुळे आईचं नाव झाकून मूल जगवणं हीच तिथली सेवा होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत हा पुढं फुले दांपत्याचा दत्तक मुलगा झाला. १८७६-७७ चा दुष्काळ आला तेव्हा सत्यशोधक समाजानं धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला आणि त्यासाठी मे १८७७ मध्ये जोतीरावांनी मदतीचं आवाहन काढलं. हे घर पहिल्यापेक्षा मुळातच निराळं होतं. इथली मुलं दुष्काळपीडितांची होती. त्यांच्या आईबापांचं नाव लपवायचं काही कारण नव्हतं, उलट ते नाव जपायचं होतं, कारण पाऊस पडल्यावर त्या घराला ते मूल परत हवं होतं. एका घराला विस्मरण हवं होतं, दुसऱ्याला स्मरण. दोन्ही चालवणारे हात तेच होते, आणि दोन प्रसंगांत दोन वेगळी घरं लागतात हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे पुढच्या काळात हा भेद वारंवार पुसला गेला.

सावित्रीबाईंनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र या दृष्टीनं फार बोलकं आहे. जुन्नर भागातल्या दुष्काळाचं वर्णन त्यात आहे: माणसं गाव सोडताहेत, काही जण पोटची पोरं विकताहेत, सावकार हात धुऊन घेताहेत. सत्यशोधकांनी मदतीसाठी समित्या नेमल्या आहेत. पन्नास कार्यकर्त्यांना पकडलं गेलं, तेव्हा सावित्रीबाई कलेक्टरला भेटल्या, ते सुटले आणि चार गाड्या ज्वारी मिळाली. स्वयंसेवक म्हटलं की ताटात वाढणारा हात आपल्या डोळ्यापुढं येतो. या पत्रातला स्वयंसेवक गावात समिती बांधतो, सावकाराशी वाकडं घेतो, तुरुंगात जातो आणि साहेबाशी वाद घालतो. मूल विकायची वेळ ज्या घरावर येते, ते घर आधी पकडायचं, मूल नंतर. गावात ज्वारीच्या चार गाड्या आल्या म्हणजे तितकी पोरं आश्रमात यायचीच वाचली. (१८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या हे आपण शाळेत शिकतो. ओतूरच्या उन्हात त्यांनी केलेली ही हुज्जत शिकवायची मात्र राहून जाते.)

वीस वर्षांनी चित्र बदललं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. १८७० च्या दशकात दक्षिणेत भटकताना त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण उपासमारीनं गेले होते. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध असल्यानं इतक्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं. दौंडजवळ केडगावला शंभर एकर जमीन आधीच घेतलेली होती, तिथं झोपड्या-तंबूंत ही वस्ती उभी राहिली आणि तिचं मुक्ती सदन झालं. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी आधीच्या शिकलेल्या मुलींनाच शोधाला पाठवलं आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्या मुलीला कुणीतरी रस्त्यावरून उचललं होतं, तीच तीन-चार वर्षांनी दुसरीला उचलायला गेली. स्वयंसेवेच्या आपल्या इतिहासात इतका थेट वारसा दुसरीकडे सापडणं कठीण. पुढं त्या मुली विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकल्या, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्याच हातांनी जुळवलं गेलं.

आणि तरीही माझा मुद्दा इथं अडखळतो, हे कबूल केलं पाहिजे. केडगावच्या बहुतेक मुलींना परतीचा पत्ता उरला नाही. त्या भाषेच्या, गावाच्या आणि बहुधा धर्माच्याही पलीकडे आल्या. यावर टीका तेव्हाच झाली, आणि ती जवळजवळ सगळी धर्मांतराच्या अंगानं झाली. रमाबाईंच्या आधीच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर १८९३ मध्येच बाहेर पडले होते, केसरीनं तर झोडच उठवली होती. पंजाबातून लाला लजपतरायांनी हिंदू अनाथ मदतीची चळवळ उभी केली, मध्य प्रांत आणि राजपुतान्यातून मुलं आर्य समाजाच्या आश्रमांत नेली, आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढं साक्षही दिली. दोन्ही बाजूंचा झगडा मूल कुणाच्या देवाचं यावर होता. ते कुठल्या गावचं, हा प्रश्न कुणी फार लावून धरला नाही. जबलपूरकडच्या खेड्यातली मुलगी पुणे जिल्ह्यात येवो की पंजाबात जावो, तिच्या मागं राहिलेल्या चुलत्या-मामांना, किंवा खडी फोडायला गेलेल्या बापाला, दोन्ही ठिकाणं सारखीच लांब.

रमाबाईंच्या बाजूनं उत्तर देणं अवघड नाही, आणि ते दिलंच पाहिजे. ज्या काळात तरुण, निराधार मुलगी सरकारी मदत छावणीच्या कुंपणाशी दलालांच्या हाती लागत होती, त्या काळात नोंदवही उघडून तिच्या मामाचं नाव विचारत बसणं ही चैन होती. तिला उचलून नेलं नसतं तर पत्ता राहिला असता, ती राहिली नसती. त्यातल्या अनेक बालविधवा होत्या, आणि त्यांना परत पाठवणं म्हणजे ज्या घरानं टाकलं त्याच घराच्या दारात उभं करणं. म्हणजे १८६३ च्या घराची गरज इथंही होतीच. हा युक्तिवाद मला पटतो, फक्त तो जेवढ्याला लागू आहे तेवढ्याचाच. तीनशे जणींत कुणाला घर नव्हतं आणि कुणाचं घर फक्त भुकेनं मोडलं होतं, हे वेगळं काढायची यंत्रणा तेव्हा सरकारकडे नव्हती आणि आश्रमाकडे तर नव्हतीच. दोष द्यायचाच तर मुलीला उचलणाऱ्या हाताआधी तो अशी वेळ आणणाऱ्या राज्याला द्यावा लागेल. मदतीची कामं गावापासून दूर, मजुरी जेमतेम पोट भरेल न भरेल इतकी, आणि मूल हरवलं तर विचारायला जागा नाही.

राज्यानं ठरवलं तर हे बदलू शकतं, याचा सगळ्यात भक्कम पुरावा १९७२ चा दुष्काळ देतो. १९७० पासून पाऊस हुलकावण्या देत होता. ७२ ला मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगली कोरडे गेले. पिकं बुडाली त्या प्रमाणात पाहिलं तर १९०० ची पुनरावृत्ती व्हायला हरकत नव्हती. पण मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, बंडिंग, रस्ते. मिळायची ती तांबडी मिलो आणि सुकडी. सुकडीचा वास त्या पिढीच्या नाकातून अजून गेलेला नाही, आणि मिलोच्या भाकरीबद्दल कुणी प्रेमानं बोलल्याचं ऐकिवात नाही. तरीही एक गोष्ट ठळक आहे: या दुष्काळानं अनाथांची ती जुनी लाट आणली नाही. काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं, बाईलाही मजुरी मिळत होती, आणि पोर खडीच्या ढिगाशेजारी बाभळीला बांधलेल्या झोळीत होतं. आईच्या नजरेत, धुळीत का असेना. ज्याँ द्रेज यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा अनुभव दुष्काळ रोखण्याचं उदाहरण म्हणून जगापुढं मांडला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी पुढं १९७७ च्या कायद्यानं पक्की झाली, आणि कामावरच्या बायकांच्या मुलांना सांभाळायला माणूस ठेवायची तरतूदही तिच्यात आली. कागदावरची ती तरतूद प्रत्यक्षात किती ठिकाणी दिसली हा वेगळा विषय. पण तत्त्व म्हणून ती बालगृहाचीच एक जात आहे: मुलाला आईपासून तोडून वाचवायचं नाही, आईच्या कामाच्या जागीच मुलाला सावली द्यायची.

यावर कुणी म्हणेल, मग स्वयंसेवकाला काम काय उरलं? सगळं सरकारनं केलं तर सेवाभावी माणसानं घरी बसावं? १९७३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेनं देशभरातल्या महाविद्यालयीन शिबिरांना 'दुष्काळाविरुद्ध युवक' असा विषय दिला होता. योजना सुरू होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. बंधाऱ्यावर पाट्या वाहणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे किती घनमीटर माती सरकली हे मोजलं तर आकडा हास्यास्पद येईल, रोजंदारीवरच्या बाईनं एका दिवसात तेवढी माती सहज उपसली असती. पण शिकलेला तरुण कामावर असला की मजुरीचा हजेरीपट वाचता येतो, मापं घेताना मुकादमाला चार डोळे जास्त असल्याची जाणीव राहते, हे त्याचं खरं मोल. ओतूरचं काम हेच होतं. स्वयंसेवकाचे हात दुष्काळात फार कामाचे नसतात, हात गावाकडे भरपूर असतात. त्याची अक्षरओळख, त्याला असलेला वेळ आणि साहेबापुढं न चळणारा आवाज, ही त्यानं आणायची वस्तू.

भूकंपाशी तुलना केली की दुष्काळाचं वेगळेपण आणखी नीट दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात छप्पर आणि माणसं एकाच क्षणी गेली. तिथं मुलं खरोखरच पोरकी झाली. भारतीय जैन संघटनेनं शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिक्षणाची सोय केली. त्या प्रसंगी गावात ठेवा म्हणणं निरर्थक होतं, कारण गावच उरलं नव्हतं. लातूर जिल्ह्याच्या मनात संकट आणि मुलं या दोन शब्दांचं नातं या घटनेनं पक्कं केलं, आणि २०१५ च्या दुष्काळात, मराठवाड्यात एका वर्षात हजाराहून जास्त शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या तेव्हा, तोच उपाय परत पुढं आला. आत्महत्या केलेल्यांची शेकडो मुलं त्याच संघटनेच्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या वसतिगृहात गेली. बापच गेलेल्या घराला हा आधार मोठा होता यात शंका नाही. पण त्या घरात आई होती. ती शेतात जात होती, कर्ज फेडत होती. तिच्या हाताला पैसा आणि तिच्या गावाला पाणी पोचवणं हे मुलाला नेण्यापेक्षा अवघड, वेळखाऊ आणि छायाचित्रात न दिसणारं काम आहे, म्हणून ते मागं पडतं. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी त्या वर्षी लातूर-बीडकडे विधवांच्या हाती पंधरा पंधरा हजारांचे धनादेश दिले. रक्कम लहान होती, दिशा मला जास्त बरोबर वाटते.

२०१६ चा उन्हाळा म्हटलं की सगळ्यांना पाण्याची रेल्वे आठवते. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं, पुढं पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. पाच लाखांच्या शहराला वाटलं तर हे माणशी पाच लिटर. ज्या मार्गानं ही गाडी आली तो एकेकाळच्या बार्शी लाइट रेल्वेचा, लातूरपर्यंत १९११ साली पोचलेला. १९०० च्या दुष्काळात तो नव्हता, आणि अहमदपूरला तर आजही रेल्वे नाही. तिथं पाणी आलं ते टँकरनं. टंचाईच्या काळात माणशी वीस लिटर असं टँकरचं माप धरतात. शंभर मुलांचं वसतिगृह धरलं तर दिवसाला दोन हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचा एक टँकर पाच दिवस. अंघोळ, धुणं, स्वयंपाक, पिणं, संडास, सगळं त्या वीस लिटरांत. टँकर सहाव्या दिवशी आला नाही की स्वयंपाकघरात डाळ भिजवायची की मुलांचे गणवेश, असा निर्णय कुणीतरी घ्यावा लागतो. तिथं मदतीला गेलेल्या माणसाचं पहिलं काम बहुधा टाकीच्या झाकणाला कुलूप लावणं आणि किल्ली कुणाकडे आहे हे भिंतीवर लिहिणं, हेच असतं. मुलांना गाणी शिकवणं त्याच्या पुढचं.

या भागातलं बालगृह खऱ्या अर्थानं कुठलं, असं विचारलं तर माझं बोट हंगामी वसतिगृहाकडे जाईल. अहमदपूर, जळकोट, कंधार, लोहा, मुखेड या तालुक्यांतले तांडे आणि वाड्या दसरा झाला की रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे कामाच्या भाषेतले कोयते, ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने कोप्यांत राहतात. पोरं सोबत गेली तर शाळा बुडते, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि पुढं तीही फडात उतरते. शाळा व्यवस्थापन समितीनं गावातच हंगामापुरतं जेवणाची सोय करायची, मुलं आजीकडे झोपतील आणि शाळेत जेवतील, अशी ही योजना. २०१५-१६ ला ऊसच कमी होता, मराठवाड्यातलं गाळप लवकर आटोपलं, जोडपी लवकर परतली आणि कोरडं गाव पाहून दुसऱ्यांदा निघाली. या वेळी शहरांकडे. घाटकोपरच्या भटवाडीतल्या मैदानावर त्या उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्यातून, मुखेडकडून आलेल्या कुटुंबांचं पालांचं गाव वसलं होतं. मुंबईतल्या मंडळांनी, संस्थांनी तिथं धान्य, पाणी, मुलांचं शिकवणं असं जमेल तसं केलं. तिथली मुलं आईबापांजवळ होती आणि शाळेपासून तोडलेली. गावात राहिलेली मुलं शाळेजवळ होती आणि आईबापांपासून तोडलेली. दोघांनाही आपण 'दुष्काळग्रस्त मुलं' या एकाच शब्दात कोंबतो.

हंगामी वसतिगृहांवरचे आक्षेप खोटे नाहीत. पटावर दाखवलेली मुलं आणि पंगतीत बसलेली मुलं यांचा मेळ बसत नसल्याच्या तक्रारी मराठवाड्यात वर्षानुवर्षं आहेत. अनुदान उशिरा येतं, किराणा दुकानाची उधारी मुख्याध्यापकाच्या डोक्यावर बसते. आणि मोठा आक्षेप हा की गावातली शाळा जर दोन शिक्षकी आणि डळमळीत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या वसतिगृहात मूल का घालू नये? राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं मंजूर केली, ती याच विचारातून. पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, मला हा युक्तिवाद मान्य आहे. बारा-तेरा वर्षांची मुलगी आजीच्या भरवशावर सहा महिने ठेवणं आईला धास्तीचं वाटतं, आणि त्या धास्तीवर उपाय म्हणून तिचं लग्न उरकलं जातं. पण सहा वर्षांच्या पोराचा प्रश्न वसतिगृहानं सुटत नाही. आणि काही मुलांना खरंच परतायला घर नसतं, हेही धरून चालायला हवं. औसा तालुक्यात हासेगावला २००७ पासून चाललेलं सेवालय एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं आहे. तिथल्या मुलांना गावानंच दूर लोटल्याचे प्रसंग घडले. तिथं कायमचं घर हवं. १८६३ आणि १८७७ मधला तो जुना भेद आजही तितकाच ताजा आहे. २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्था हा शेवटचा उपाय मानतो आणि मुलाला कुटुंबात परत पोचवण्याला अग्रक्रम देतो. कायद्याला हे उमगलं असलं तरी देणगीदाराच्या डोळ्यापुढं अजून रांगेत बसलेली, सारख्या स्वेटरातली मुलंच असतात.

मग अशा घरात आठ दिवस, महिनाभर, एक उन्हाळा सेवेला गेलेल्या तरुणानं नेमकं काय करावं? त्याच्याविरुद्ध नेहमी सांगितला जाणारा आक्षेप असा की तो येतो, मुलांना लळा लावतो आणि निघून जातो, आणि आईबापांनी सोडून गेल्याचा अनुभव त्या मुलांना दुसऱ्यांदा येतो. आक्षेप खरा आहे, पण तो लळ्याबद्दलचा आहे, कामाबद्दलचा नाही. थोड्या दिवसांचा माणूस थोड्या दिवसांत पुरं होणारं काम करू शकतो. त्यातलं सगळ्यात मोलाचं काम अगदी रुक्ष आहे: नोंदवही. मुलाचं नाव, बापाचं नाव, तांडा, इथपर्यंत ती बहुतेक ठिकाणी असते. त्यापुढं कारखान्याचं नाव, टोळीच्या मुकादमाचा मोबाइल नंबर, आईचा वेगळा नंबर असेल तर तो, गावात कुणाकडे झोपतं, गेल्या वर्षी कितवीत होतं, डाव्या पायावर भाजल्याची खूण आहे का, एवढे रकाने पाडले आणि दर पंधरा दिवसांनी त्या नंबरांवर फोन लावून मुलाला बोलायला दिलं, तर ते मूल अनाथ व्हायचं वाचतं. फोनवर आई काय विचारते? जेवलास का, आणि शेळी कशी आहे. पोराला शेळीबद्दल सांगता येतं, कारण शेळी समोर बांधलेली असते. वाघोलीहून, पुण्याहून, ते सांगता आलं नसतं.

पाण्याच्या बाजूनंही असंच म्हणता येईल. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली त्यात अहमदपूरच्या जवळचा अंबाजोगाई तालुका होता. शहरांतून माणसं श्रमदानाला गेली, समतल चर खणले. त्यातल्या कुणी आपण बालसेवा करतोय असं म्हटलं नसेल. पण चर भरला, विहिरीला चार महिने जास्त पाणी राहिलं आणि रब्बीला एखादं पीक आलं तर एखादं जोडपं त्या वर्षी उचल घेत नाही, आणि वसतिगृहाच्या पटावरून दोन नावं कमी होतात. बालगृहाचं यश पट वाढण्यात मोजायची आपल्याला सवय आहे. पट कमी झाल्याबद्दल अजून कुणाचा सत्कार झालेला नाही.

२०१६ च्याच मे महिन्यात, १३ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं स्वराज अभियानच्या याचिकेवर दुष्काळी राज्यांना आदेश दिला की उन्हाळी सुट्टीतही शाळांत मध्यान्ह भोजन चालू ठेवावं, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस अंडं किंवा दूध द्यावं. निकालपत्रातली ही ओळ मला धनकवडीच्या बालाश्रमाच्या सगळ्यात जवळची वाटते. शाळा बंद, वर्ग बंद, फक्त चूल चालू. मुलानं घरीच झोपायचं, आजीजवळ किंवा आईजवळ, आणि दुपारी ताट घेऊन शाळेत यायचं. कुणाला उचलून न्यायचं नाही. अंमल गावोगावी कमीजास्त झाला. सुट्टीत शिक्षक आपल्या गावी गेलेले, खिचडी शिजवणाऱ्या बाईचं मानधन थकलेलं, पाणी नाही म्हणून भांडी घासायची पंचाईत. जिथं गावातल्या दोन-चार पोरांनी पाण्याचा आणि हजेरीचा भार उचलला तिथं चूल पेटायला अडचण कमी. सरकारची बालसंगोपन योजना, जी मूल संस्थेत न घालता घरातच राहावं म्हणून पैसे देते आणि जिला आता सावित्रीबाईंचं नाव आहे, तीही याच घराण्यातली. २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये आहे. एका मुलाचा वसतिगृहातला खर्च त्याच्या शेजारी मांडून पाहावा.

मार्च-एप्रिलकडे एकेका कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. मग नांदेड-लातूर रस्त्यानं, शिरूर ताजबंदच्या फाट्यावरून, ट्रॅक्टर परतायला लागतात. वर भांडी, गाठोडी, एखादं कोंबड्यांचं खुराडं, आणि उसाच्या वाढ्यांचे भारे जनावरांसाठी. गाडी तांड्यावर वळली की शाळेतून पोरं पळत सुटतात, शिक्षक त्या दिवशी वर्ग धरून ठेवायच्या फंदात पडत नाहीत. संध्याकाळी पंगतीला ताटं कमी लागतात. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात त्या नावापुढं तारीख पडते आणि आईच्या अंगठ्याचा निळा ठसा.